हक्कसोडपत्र आणि एंगल्स

वकिलीत वारंवार दिसणारे एक दृश्य आहे. बाप वारतो. वर्षश्राद्ध नाही की पुण्यानुमोदन नाही, त्याआधीच भाऊ बहिणीला घेऊन येतो आणि हक्कसोडपत्र करायचे म्हणतो. मी विचारतो, "ताई, हिस्सा सोडताय, कळतंय ना?" ती खाली बघून म्हणते, "साहेब, माहेर तुटायला नको." दस्तात शब्द पडतात : विनामोबदला, प्रेमापोटी.

मार्क्सवाद कुटुंबाकडे कसा पाहतो, हे समजायला हा एक कागद पुरेसा आहे. फ्रेडरिक एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर ग्रंथ लिहिला. मॉर्गनचे संशोधन आणि मार्क्सची टिपणे त्याच्यासमोर होती. त्याचे म्हणणे असे की, मालमत्ता पुरुषाच्या हाती गेली, ती आपल्याच मुलाला मिळावी म्हणून बाईवर एकनिष्ठेचे बंधन आले आणि तिचे घरकाम समाजाच्या हिशेबातून बाद झाले. आदिम मातृसत्तेबद्दलचे त्याचे अंदाज पुढच्या अभ्यासकांना पटले नाहीत. पण वारसा आणि बाईची गुलामी यांची त्याने दाखवलेली गाठ आजही सुटलेली नाही.

मग मालमत्ता गेली की गुलामी जाईल? रशियाचा अनुभव पाहा. १९१८च्या कायद्याने घटस्फोट सोपा केला आणि विवाहबाह्य संततीला समान हक्क दिले. अलेक्झांड्रा कोलोंताय यांनी सार्वजनिक भोजनगृहे आणि पाळणाघरे यांचा आग्रह धरला. १९३६ साली त्याच राजवटीने गर्भपातावर बंदी घातली आणि घटस्फोट अवघड केला. कारखाने सरकारी झाले, चूल मात्र बाईचीच राहिली.

इथे बाबासाहेबांकडे यावे लागते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी सांगितले की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. म्हणजे भारतातले कुटुंब केवळ जमीन पुढच्या पिढीकडे देत नाही, जातही देते. आणि ती टिकवण्यासाठी बाईवर पहारा बसवते. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरातही हा पहारा असतो. एंगल्सच्या चौकटीत हे बसत नाही. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, १९५१ साली, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, ते उगीच नव्हे.

२००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही. वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे.

तरीही माझ्या टेबलासमोर हक्कसोडपत्रे घेऊन बसणाऱ्या भावांपैकी काहींच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो, हे मला ठाऊक आहे. बंधूंनो, जयंतीची वर्गणी आपण न मागता देतो. बहिणीचा हिस्सा तिने न मागता कधी देणार?