घाटांतील इंजिनाचा श्वास

नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकांठच्या हवेपेक्षां सुमारें १० टक्के विरळ. अर्थात् इंजिनाची शक्तिही जवळजवळ तितकीच घटते. आमच्या पुतण्याचा चरितार्थ एका जुन्या पेट्रोल-जीपवर चालतो. ती घाटांत धापा टाकूं लागली, तेव्हां एका मिस्त्र्यानें शर्यतीच्या मोटारीचा कॅमशाफ्ट बसविण्याचा सल्ला दिला. पुतण्या पैसे मोजण्याच्या बेतांत होता. आम्हीं त्यास थांबविलें.

कॅमशाफ्ट म्हणजे झडपांची उघडझाप करणारा उंचवट्यांचा दांडा. शर्यतीचा दांडा झडप अधिक वेळ उघडी ठेवितो. इंजिन अतिवेगानें फिरत असतां ती सवड हितावह होय. परंतु मंद गतींत दट्ट्या वर येऊं लागला तरी झडप मिटत नाहीं आणि आंत घेतलेली हवा परत बाहेर लोटली जाते. मुळांत हवा तोकडी, त्यांतून ही गळती! भरल्या गाडीस चढावर जोर हवा असतो तो मंद गतींतच. म्हणून झडप लवकर मिटविणारा, मूळचा अथवा तत्सम कॅमशाफ्टच निवडावा.

विरळ हवेवरील खरा उपाय म्हणजे हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर. अमेरिकेंत सॅनफोर्ड मॉस यांनीं १९१८ सालीं पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर त्याची परीक्षा घेतली होती. परंतु तो खर्च पुतण्यास झेपणारा नव्हता. त्यानें मूळचाच दांडा ठेविला, कार्ब्युरेटर साफ करवून पेट्रोलचें प्रमाण विरळ हवेस जुळतें करून घेतलें. जीप आतां सावकाश, पण न थांबतां वर पोंचते. वाचकहो, साधन निवडतांना त्याचा लौकिक पाहूं नये. आपला प्रसंग पाहावा.