सिरॅमिकचे पार्ट मागवताय? ऑर्डरआधी कोड तपासा, चूक महागात पडते

बेळगाव : फाउंड्रीची मूस, पंपाच्या सीलमधली पांढरी रिंग, दळणाच्या मिलमधल्या गोळ्या, भट्टीचं अस्तर. उद्यमबागेतल्या कारखानदाराच्या तोंडी या सगळ्यांना एकच नाव, ‘सिरॅमिक’. कस्टम्सच्या पुस्तकात मात्र यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या घरात राहते. घर चुकलं की ड्युटी चुकते आणि ती चूक कधीकधी माल वापरून संपल्यावर दोन-चार वर्षांनी नोटीस होऊन दारात येते.

आयात मालाचं वर्गीकरण ‘कस्टम्स टॅरिफ ॲक्ट, १९७५’च्या पहिल्या परिशिष्टावरून होतं. प्रत्येक मालाला आठ आकडी कोड असतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे, शेवटचे दोन भारताचे. सिरॅमिकचा मुख्य अध्याय ६९ वा. त्याची पहिली अट साधी आहे : वस्तूला आधी आकार दिलेला असावा आणि नंतर ती भाजलेली असावी. राळ घट्ट करण्यासाठी किंवा पाणी घालवण्यासाठी ८०० अंशांपेक्षा कमी तापवलेली वस्तू ‘भाजलेली’ धरत नाहीत.

म्हणूनच भट्टीच्या अस्तरासाठी पोत्यातून येणारं कास्टेबल किंवा अग्निरोधक सिमेंट या अध्यायात बसत नाही, ते ३८१६ मध्ये जातं. भट्टीला गुंडाळायचं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट खनिज लोकर म्हणून ६८०६ मध्ये. ग्राइंडिंग व्हील ६८०४ मध्ये. विजेचे सिरॅमिक इन्सुलेटर ८५४६ मध्ये. नावात सिरॅमिक आहे म्हणून ६९ लावून मोकळं झालं, की पहिली चूक इथंच होते.

उष्णतेसाठी की इतर कामासाठी?

अध्याय ६९ मध्ये कारखान्याच्या कामाचे मुख्य तीन शीर्षक आहेत. ६९०२ म्हणजे अग्निरोधक विटा, ठोकळे, टाइल्स. ६९०३ म्हणजे मुशी, नोझल, नळ्या, सळ्या असा इतर अग्निरोधक माल. ६९०९ म्हणजे प्रयोगशाळा, रसायन उद्योग आणि इतर तांत्रिक कामांचा माल.

खरी गफलत ६९०३ आणि ६९०९ मध्ये होते. वस्तू कशाची बनली, एवढंच पाहून चालत नाही. ती साधारण १,५०० अंश आणि त्यावरची उष्णता सोसणारी हवी, शिवाय तशा कामासाठीच बनवलेली हवी. ॲल्युमिनाची मूस ६९०३ मध्ये जाते. त्याच ॲल्युमिनापासून बनलेला, सूतगिरणीच्या मशीनवरचा धागा-मार्गदर्शक ६९०९ मध्ये जातो, कारण त्याचं काम उष्णतेशी नसून झिजेशी आहे. मिलमध्ये दळणासाठी लागणाऱ्या सिरॅमिक गोळ्याही ६९०९ च्याच.

पुढं उपशीर्षकातही मेख आहे. ६९०३ मध्ये मुक्त कार्बन वजनाने ५० टक्क्यांहून जास्त आहे की ॲल्युमिना, यावर कोड बदलतो. ६९०९ मध्ये मोह्स मापावर कडकपणा ९ किंवा जास्त असेल तर ६९०९ १२. झिर्कोनिया साधारण त्याखाली राहतो. ॲल्युमिना शुद्धतेनुसार इकडे किंवा तिकडे. म्हणून पुरवठादाराकडून नुसतं इन्व्हॉइस घेऊन भागत नाही, घटकांचं प्रमाण आणि कडकपणा लिहिलेली डेटा शीट हातात हवी.

‘मशीनचा पार्ट’ हा सापळा

सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘पार्ट’. पंपाचा भाग आहे, मग अध्याय ८४, असा हिशेब बरेच जण करतात. पण अध्याय ८४ ची पहिलीच टीप सिरॅमिकची यंत्रं आणि कुठल्याही यंत्राचे सिरॅमिक भाग बाहेर काढते. सुटी आलेली सिरॅमिक सील रिंग ६९ मध्येच जाते. पूर्ण मेकॅनिकल सील जुळवून आलं तर गोष्ट वेगळी, ते ८४८४ मध्ये. लेथच्या टूलचंही तसंच : कार्बाइड किंवा सर्मेटचा न बसवलेला इन्सर्ट ८२०९ मध्ये, निव्वळ सिरॅमिकचा ६९०९ मध्ये.

फरक किती पडतो?

समजा, १० लाखांचा माल आहे. एका कोडवर मूळ ड्युटी ७.५ टक्के आणि दुसऱ्यावर १० टक्के धरू. (हे आकडे फक्त हिशेबापुरते, खरे दर त्या दिवशीच्या अधिसूचनेत पाहावेत.) मूळ ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि एकूण रकमेवर १८ टक्के आयजीएसटी धरला, तर पहिल्या कोडवर भरणा २,७७,३५० रुपये, दुसऱ्यावर ३,०९,८०० रुपये. फरक ३२,४५० रुपयांचा. यातला आयजीएसटीचा ४,९५० रुपयांचा भाग क्रेडिटमध्ये परत मिळू शकतो. उरलेले २७,५०० रुपये खिशातूनच. वर्षाला अशा दहा खेपा असतील तर आकडा कुठं जातो, ते सांगायला नको.

२०११ पासून ड्युटी ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदारावर आहे. बिल ऑफ एंट्री ब्रोकरने भरलं तरी वसुलीची नोटीस येते ती आयातदाराला. कमी भरलेल्या ड्युटीसाठी साधारण दोन वर्षांपर्यंत मागणी करता येते. माहिती दडवली किंवा मुद्दाम खोटी दिली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. वर व्याज, आणि अशा प्रकरणात ड्युटीइतका दंडही.

जास्त भरलं तर परत मिळेल, असंही गृहीत धरू नये. मूळ आकारणीत बदल करून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात दिला आहे. कोड पटला नाही तर लेखी आदेश मागावा आणि ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) जावं.

आधी काय करावं?

माल नवा असेल आणि खेपा मोठ्या असतील तर मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे आधीच निर्णय मागता येतो. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो ठरलेल्या मुदतीपर्यंत लागू राहतो. माल बंदरात येऊन पडला असेल आणि शंका असेल तर तात्पुरत्या आकारणीची मागणी करता येते, त्यासाठी बॉण्ड द्यावा लागतो.

एवढी मोठी आयात नसेल तर निदान तीन गोष्टी कागदावर घेऊनच ब्रोकरकडे जावं : वस्तू कशाची बनली, भाजलेली आहे का, आणि ती नेमकं काय काम करते. ‘मागच्या वेळी हाच कोड लावला होता’ हे उत्तर नोटिशीपुढं टिकत नाही. माल न्हावा शेव्याला उतरो की मुरगावला, पुस्तक एकच आहे.