कथक : देवळातली कथा, दरबारातली सलामी

मुलीने कथकच्या क्लासचं नाव काढलं की आपल्या घरांत वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, हा देवळातला नाच. दुसरा म्हणतो, छे, ही तर नवाबांची चैन. आमच्या मते दोघांनाही अर्धीच गोष्ट माहीत आहे.

कथक हा शब्द 'कथा'वरून आला. उत्तर भारतात राम-कृष्णाच्या कथा गाऊन, हावभाव करून सांगणारे कथाकार असत. ती त्यांची भक्ती होती आणि पोटही. कथकचं मूळ तिथे सांगितलं जातं, ते आपण नाकारायचं कारण नाही.

पुढे ही कला दरबारात आली. तिथे कथेइतकंच महत्त्व पायांच्या कामाला, चक्करांना, लयीच्या हिशोबाला आलं. आजही नाचाची सुरुवातीची एक रचना 'आमद' म्हणून ओळखली जाते. शब्द फारसी, अर्थ आगमन. दुसरी 'सलामी'. तिचा अर्थ आपल्याला कोणी सांगायला नको.

लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांना लोक ऐषआरामी म्हणूनच ओळखतात. पण हा माणूस नमाजी होता, शायर होता, आणि त्याने राधा-कन्हैयाच्या गोष्टीवर नाटक लिहून महालात करवलं. ठाकूर प्रसाद त्यांच्या दरबारात होते. त्याच घराण्यातल्या बिंदादीन महाराजांनी कृष्णभक्तीच्या ठुमऱ्या रचल्या, आणि बिरजू महाराजही त्याच घराण्यातले. मुसलमान नवाबाच्या आसऱ्याने ब्राह्मण घराण्याची कला वाढली, हे आज ऐकायला काहींना जड जातं. इंग्रजांनी 1856 मध्ये अवध खालसा केलं. नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले, तिथेही मैफली चालूच राहिल्या. 1887 मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला.

एक नाव मात्र सगळेच गाळतात : तवायफ. ठुमरी आणि अदा त्यांनी जपली. इंग्रजी अमलात त्यांना बदनाम केलं गेलं, नाच पुढे 'सभ्य' घरांत गेला, त्या मागेच राहिल्या. त्यांच्यात मुसलमान बायका पुष्कळ होत्या.

आता जायज-नाजायजचा सवाल. तो आम्ही इथे सोडवणार नाही, त्यासाठी आपापल्या उलेमांना विचारावं. पण मुलीला 'हे आपलं नाहीच' असं सांगून गप्प बसवू नका. क्लासमध्ये आमद शिकताना तिला त्या शब्दाचा अर्थ बाकीच्या मुलींच्या आधी कळेल.