उकळत्या झऱ्याशेजारचा मुक्काम

हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटर उंचीवर मणिकरण हे डोंगरातले लहानसे गाव आहे. पार्वती नदी पुढे भुंतर येथे बियास नदीला मिळते. नदीचे पाणी वितळलेल्या बर्फाचे. हात बुडवला तर बोटे बधिर होतात. आणि त्याच नदीच्या काठावर, काही पावलांच्या अंतरावर, जमिनीतून वाफाळते, उकळते पाणी बाहेर पडत असते.

आपल्याकडच्या पुष्कळ सहली कुलू-मनालीला जातात. त्यातली एक रात्र मणिकरणच्या एखाद्या साध्या लॉजवर काढली, तर भौतिकशास्त्र आणि भूगोल यांतले अनेक धडे एकाच ठिकाणी प्रत्यक्ष पाहायला मिळतात. आम्ही काही शिक्षक असे एका लॉजवर राहिलो होतो. लाकडी जिने, जाड रजया, आणि तळमजल्यावर सिमेंटचा एक हौद. हौदावर दोन नळ: एक झऱ्याच्या पाण्याचा, दुसरा थंड पाण्याचा. बंब नाही, गीझर नाही. त्या रात्री आमच्यात जी चर्चा रंगली, तिचा गाभा येथे मांडत आहोत.

तापमापक काय सांगतो?

मणिकरणच्या सर्वांत गरम झऱ्यांचे तापमान ९४ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पाणी खळखळ उकळताना दिसते. मग तापमापक १०० का दाखवत नाही?

कारण आपण शाळेत शिकवतो तो १०० अंशांचा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीवरचा आहे. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब धरला, तर १७५० मीटरवर सुमारे सहा अंश कमी होतात. म्हणजे ९४ अंश!

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जमिनीच्या पोटात पाणी याहून किती तरी अधिक तापलेले असू शकते. १०० मीटर खोलीवर वरच्या पाण्याच्या भारामुळे दाब हवेच्या दाबाच्या दहापट होतो, आणि तेथे पाणी सुमारे १८० अंशांपर्यंत न उकळता द्रवरूपात राहू शकते. असे पाणी वर येऊ लागले की दाब घटतो, काही पाण्याची वाफ होते, ही वाफ उष्णता घेऊन जाते, आणि उरलेले पाणी त्या उंचीच्या उत्कलनबिंदूवर येऊन थांबते. म्हणून मणिकरणच्या झऱ्यात तापमापक बुडवला, तर तो जणू गावाची उंची सांगतो. जमिनीखाली पाणी किती तापले होते, हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी भूशास्त्रज्ञ पाण्यात विरघळलेली द्रव्ये मोजतात. खडकातील सिलिका गरम पाण्यात अधिक विरघळते, आणि पाणी झपाट्याने वर आले तर ती लगेच बाहेर पडत नाही. त्यामुळे झऱ्याच्या पाण्यातील सिलिकेच्या प्रमाणावरून खालच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो.

खाली जाळ आहे का?

पार्वतीच्या कानातला मणी येथे हरवला आणि शेषनागाच्या फूत्काराबरोबर उकळत्या पाण्यासह तो वर आला, अशी गावाच्या नावाची कथा सांगतात. विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण ‘खाली ज्वालामुखी असेल’ असे उत्तर देतात. पण मणिकरणला ज्वालामुखी नाही. ‘गंधकामुळे पाणी तापते’ हेही उत्तर हमखास येते. काही गरम झऱ्यांना गंधकाच्या संयुगांचा वास येतो हे खरे, पण तो वास म्हणजे पाणी तापण्याचे कारण नव्हे.

खरी गोष्ट अशी. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ यांचे काही पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. पृथ्वीच्या कवचात खाली जावे तसे तापमान वाढते. सामान्यतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. १० अंशांचे पाणी ९४ अंशांवर न्यायचे, तर या हिशेबाने जवळजवळ तीन किलोमीटर खोल जावे लागेल. हिमालय मात्र अजून उचलला जात आहे. खोलवरचे गरम खडक वर येत आहेत, त्यामुळे अशा भागात तापमानवाढीचा दर जास्त असतो आणि तेवढे तापायला पाण्याला इतके खोल जावे लागत नाही. खडकांतील युरेनियम, थोरियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या विघटनातूनही उष्णता मिळते. या विघटनातून निर्माण होणारे हेलियम आणि रेडॉन हे वायू मणिकरणच्या झऱ्यांत मोजले गेले आहेत.

तापलेले पाणी हलके होते आणि भेगांतून वर येते. मणिकरण भागातील क्वार्ट्झाइट हा कठीण, ठिसूळ खडक आहे. ताण पडला की तो भेगाळतो, आणि याच भेगा पाण्याच्या वाटा होतात. म्हणजे उष्णता, पाणी आणि वाट या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गरम झरा होतो.

न उकळता शिजणारा भात

गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी येथे मोठमोठी भांडी झऱ्याच्या पाण्यात ठेवून भात, डाळ शिजवतात. यात्रेकरू कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून कुंडात सोडतात. येथे वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे: झऱ्यात ठेवलेल्या भांड्याच्या आत पाणी उकळते का?

उकळत नाही. आतले पाणी ९४ अंशांपर्यंत पोहोचले की आत-बाहेर तापमान सारखे होते आणि उष्णतेचा प्रवाह थांबतो. उकळण्यासाठी मात्र अप्रकट उष्मा लागतो. दर किलोग्रॅम पाण्याला सुमारे २२६० किलोज्यूल. तो कोठून मिळणार? तरीही भात शिजतो. तांदळातील पिष्टमय कण साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात. शिजायला उष्ण तापमान लागते, उकळी लागतेच असे नाही. डाळीला मात्र घरच्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

हौदाचा हिशेब

आता लॉजच्या हौदाकडे वळू. समजा, हौदात ४०० लिटर पाणी मावते. नळाला येईपर्यंत झऱ्याचे पाणी ९० अंशांवर आले आहे, थंड पाणी १० अंशांचे आहे, आणि आपल्याला ४० अंशांचे पाणी हवे आहे. गरम पाणी ५० अंश गमावणार, थंड पाणी ३० अंश कमावणार. म्हणून गरम व थंड पाण्याचे प्रमाण ३:५, म्हणजे १५० लिटर गरम आणि २५० लिटर थंड.

हे १५० लिटर पाणी १० वरून ९० अंशांवर नेण्यास १५० × ८० × ४.२ म्हणजे ५०,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत १४ युनिट. एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे १५,००० किलोज्यूल मिळतात, पण साध्या चुलीत त्यातला दहावा हिस्साच भांड्याला लागतो असे धरले, तर एका हौदासाठी ३४ किलो लाकूड जळेल. दिवसात दहा वेळा हौद भरला तर ३४० किलो! आजूबाजूला देवदाराचे जंगल असलेल्या गावात या झऱ्यांची किंमत काय आहे, हे या आकड्यावरून कळते.

लॉजवर एक नियम कटाक्षाने सांगितला जातो: आधी थंड पाणी सोडा, मग गरम. सहलीच्या शिक्षकांनी तो मुलांकडून पाळून घ्यावा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी खोलवर भाजते. ९० अंशांचे तर क्षणात. कुंडांच्या काठाशी मुलांना एकटे सोडू नये. ४० अंशांच्या हौदातही दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यास चक्कर येते. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे वाफ आणि झऱ्यातून येणारे वायू साचत नाहीत.

फुकट, पण अमर्याद नव्हे

एवढी उष्णता अशी वाहून जाते, मग तिचा आणखी उपयोग का करू नये? मणिकरणला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने छिद्रे घेऊन पाहणी केली. पुढे ५ किलोवॅटचा प्रायोगिक वीजसंच आणि झऱ्याच्या उष्णतेवर चालणारे शीतगृह असे प्रयोगही तेथे झाले.

पण एक सावधगिरी हवी. ज्या भेगांतून झरा येतो, त्याच भेगांतले पाणी नवे छिद्र दुसरीकडे वळवू शकते. न्यूझीलंडमधील रोटोरुआ या गरम झऱ्यांच्या गावी घरोघरी आणि हॉटेलांत विंधणविहिरी घेतल्या गेल्या, आणि गावाजवळची प्रसिद्ध उष्णोदकाची कारंजी मंदावली. अखेर १९८६ साली तेथील सरकारने पोहुतू या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर भूजलाचा दाब वाढला आणि कारंजी पुष्कळशी सावरली. आपल्या डोंगरातल्या झऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. पाऊस मुरण्याची जागा, खालची उष्णता आणि भेगांची वाट यांतले एक जरी बिघडले, तरी झरा आटू शकतो.

शाळेत करून पाहण्यासाठी

१. पातेल्यात पाणी उकळत ठेवा. त्यात पाण्याची परीक्षानळी तळाला न टेकवता धरा. नळीतले पाणी उकळते का? आता पातेल्यात भरपूर मीठ घाला. काय फरक पडतो, आणि का?

२. आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. तेथे पाण्याचा उत्कलनबिंदू किती असावा, हे काढा आणि तापमापकाने पडताळा.

३. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे. नकाशावर ती ठिकाणे जोडा. रेषा किनाऱ्याला समांतर का येते, यावर चर्चा करा. (दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तो केव्हाच थंड झाला.)

४. उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंशांचे असते. मणिकरणचे तापमान उंचीने ठरते. उन्हवऱ्याचेही तसेच म्हणता येईल का?