आधी चार ओळी, मग अलंकार

मराठीच्या पेपरात ‘अलंकार ओळखा’ हा हुकमी प्रश्न. ‘सम, समान, सारखा’ दिसले की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा. असे तक्ते मुले घोकतात आणि गुणही पटकावतात. त्याच मुलांना पावसावर एखादी उपमा करायला सांगा, वर्ग चिडीचूप. दोष मुलांचा नाही. आपण नावे आधी शिकवतो आणि कविता नंतर, तीही वेळ उरला तर. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी हाताला चार ओळींचे वळण लागू द्यावे. अलंकाराचे नाव मागाहून कळले तरी चालते.

सुरुवात ओवीपासून करावी. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बहुतेक बायकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये एकत्र केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या संग्रहातील ओव्यांची संख्या लाखावर गेली. बहिणाबाई चौधरींनाही (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते, पण रूपक करायला त्यांचे कधी अडले नाही. शिवाय ही ओवी गळ्याच्या लयीवर चालते, एखादे अक्षर कमी-जास्त झाले तरी खपते. नवख्याला धीर येतो तो इथेच.

मोजणे शिकवायचे ते अभंगात. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरे ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. जोडाक्षर एकच धरायचे. समजा, वर्गाने मिळून असा चौक रचला:

शाळेच्या दारात
चिंच लगडली
नजर जडली
गुरुजींची

आता ‘गुरुजींची’च्या जागी ‘मुख्याध्यापकांची’ घालून म्हणून पाहा. चाराची सहा अक्षरे होतात, ठेका लंगडतो आणि गंमतही मरते. आखूड चरणाचे काम काय, हे व्याख्येपेक्षा या एका चुकीतून लवकर कळते.

चिंच हातात आहेच, तर तिच्यावरच अलंकार चढवावेत. ‘चिंच विळ्यासारखी वाकडी’ ही उपमा. ‘फांदीला जणू विळेच टांगलेत’ ही उत्प्रेक्षा. ‘ही चिंच नव्हे, विळाच’ म्हटले की अपन्हुती, ‘विळ्यानेही लाजावे असा बाक’ म्हटले की व्यतिरेक आणि ‘चिंचेसारखी आंबट चिंचच’ म्हटले की अनन्वय. वस्तू तीच, बोलणाऱ्याचा पवित्रा तेवढा बदलतो. एवढे लक्षात आले की तक्ता हवा कशाला?

शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूची मात्र शाळेत दैना होते. ५-७-५ हे गणित जपानी ध्वनिखंडांचे. आपण ते अक्षरांवर बसवतो आणि मुले बोटे मोजत बसतात. बाशोच्या (१६४४–१६९४) परंपरेत महत्त्वाची असते ती ऋतूची खूण आणि दोन चित्रांमधला तुटलेपणा. म्हणून हायकूच्या तासाला ‘सारखा’ आणि ‘जणू’ या शब्दांना बंदी घालावी. दोन चित्रे शेजारी ठेवायची आणि गप्प बसायचे. उपमा नाकारण्यातही कसब लागते, ते इथे उमगते.

चारोळीबद्दल थोडक्यात. चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’ने ती घरोघरी नेली आणि कवितेला बिचकणारी पोरे लिहिती झाली, हे मोठेच काम. पण चौथ्या ओळीत टाळी घ्यायची सवय लागली की आधीच्या तीन ओळी नुसत्या भरताड उरतात.

गझलेची वाट माधव जूलियनांच्या ‘गज्जलांजलि’पासून सुरेश भटांपर्यंत येते. भटांनी तर नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ही लिहिली. नववीच्या वर्गाला अख्खी गझल पेलणार नाही, पण एक मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, जमेल. रदीफ, म्हणजे ओळीअखेर जसाच्या तसा येणारा शब्दसमूह, फळ्यावर शिक्षकांनी द्यावी, ‘आहे अजून’ अशी. काफिये, म्हणजे रदीफेच्या आधीचे यमकाचे शब्द, मुलांनी गोळा करावेत. वाट, घाट, लाट येतील, आणि कोणीतरी ‘काठ’ म्हणेलच. तिथे शिक्षकांनी घाईने निकाल देऊ नये. ट आणि ठ एक धरायचे की नाही, यावर दहा मिनिटे भांडण झाले तरी तास सत्कारणी लागला.