पडद्यावरील स्पर्धा आणि दर्शकांचा निवाडा

शिरूर अनंतपाळ तालुक्यात खरिपापूर्वी शेतीशाळा भरली, की उगवणक्षमता आणि बीजप्रक्रिया यांवरील बोलणे संपता संपता एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या गावागावांच्या स्पर्धेचा. पानी फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू केली. २०१७ पासून तिची हकीकत 'तुफान आलंया' या कार्यक्रमाद्वारे घरोघर पोहोचली. ती स्पर्धा २०१९ नंतर थांबली. परंतु तिच्याविषयीची चर्चा थांबलेली नाही. ही चर्चा केवळ करमणुकीची नव्हे. गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती लक्ष देऊन ऐकावी, इतका तिच्यात अनुभव साठलेला आहे.

प्रथम स्पर्धेची थोडक्यात ओळख करून घेऊ. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके तिच्यात होते, आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने पहिला क्रमांक मिळविला. २०१७ साली ३० व २०१८ साली ७५ तालुक्यांत ती पसरली. प्रत्येक गावातील निवडक माणसांनी प्रशिक्षण घ्यावयाचे आणि ऐन उन्हाळ्यात ठरावीक दिवसांत समतल चर, बांधबंदिस्ती, शेततळी यांची कामे श्रमदानाने करावयाची, असे तिचे स्वरूप होते.

त्या पहिल्या वर्षीचा उन्हाळा लातूरकर विसरणे शक्य नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० टाक्या होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता हा हिशेब पाहा. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे ५० मिलिमीटरचा एक पाऊस एका हेक्टरावर जेवढे पाणी टाकून जातो, तेवढे पाणी त्या गाडीने इतक्या दुरून आणले. ज्याच्या अडीच एकरांतून असा एक पाऊस वाहून गेला, त्याच्या रानातून एक आगगाडीच निघून गेली म्हणावयाची! हा हिशेब सांगितला, की शेतीशाळेत क्षणभर शांतता पसरते आणि मग खरी मते बाहेर पडू लागतात.

पहिले मत कौतुकाचे. बांधावरून ज्यांचे बोलणे बंद होते, अशा भाऊबंदांना एका चरात उभे राहिलेले पडद्यावर पाहिले. आपल्या गावातही हे होऊ शकेल असे प्रथमच वाटले, असे पुष्कळजण सांगतात. हे श्रेय लहान नाही. तांत्रिक माहिती आम्हीही देत होतो. पण शेजारच्या गावातल्यासारखी दिसणारी माणसे ते काम करताना पाहणे, याचा परिणाम काही वेगळाच होतो.

दुसरे मत जुन्या जाणत्या शेतकऱ्यांचे. पडद्यावर चर घडीभरात खणून होतो आणि पुढच्याच दृश्यात तो भरून वाहतो. मधला घाम व पुढची निगा दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. तो यथार्थ आहे. समतल चरात दोन-तीन पावसाळ्यांत गाळ बसतो. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले, तर सारे पाणी तेथूनच धावते आणि सुपीक माती घेऊन जाते. बक्षीस चर खणण्याला मिळते; गाळ काढण्याला कोणी हार घालीत नाही.

तिसरे मत भूमिहीन मजुरांचे व अल्पभूधारकांचे, आणि ते सर्वांत बोचणारे आहे. कुदळ सर्वांनी चालविली. पण पाणी वाढले ते ज्याची विहीर त्याच्या विहिरीत! ज्याला रान नाही, त्याला त्या श्रमदानातून काय लाभले? या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. भूगर्भातील पाणी सर्वांच्या श्रमाने साठत असेल, तर प्यावयाच्या पाण्याचा हक्क पहिला, आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे हे गावाने बसून ठरविणे दुसरे. साठविलेले पाणी दोन-चार नव्या कूपनलिकांनी उसासाठी ओढून घेतले, तर स्पर्धा जिंकलेले गावही पुन्हा टँकरची वाट पाहील.

चौथे मत स्त्रियांचे. मातीचे टोपले त्यांच्या डोक्यावर होते. घरी परतल्यावर चूल आणि पाणीही त्यांच्याच वाट्याला होते. त्यामुळे त्या म्हणतात, की आमच्या दाराशी दिसेल असे काही स्पर्धेत असावे.

दर्शकांचा असा निवाडा केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. ब्रिटनमध्ये ज्यांना शेत नाही अशा कुटुंबांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने मिळतात. असा एक पूर्ण तुकडा जुन्या मापाने सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांचा असतो. अशा बागाइतीची 'द बिग अलॉटमेंट चॅलेंज' ही स्पर्धा बीबीसीने २०१४ साली दाखविली. तिच्यात पिकविण्याबरोबर फुलांची मांडणी आणि मुरांबे-लोणची यांनाही गुण होते. मातीपेक्षा मुरांब्यालाच अधिक वेळ दिला, अशी तक्रार तेथेही झाली, आणि दोन मालिकांनंतर ती स्पर्धा बंद पडली. तात्पर्य, मातीत हात घालणाऱ्या दर्शकाला मातीचेच काम सविस्तर पाहावयाचे असते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वॉटर कपच्या योजकांनीही पुढे आपली वाट बदलली. पाणी अडविण्यावर न थांबता त्यांनी 'समृद्ध गाव स्पर्धा' घेतली आणि २०२२ पासून 'फार्मर कप' सुरू केला. त्यात सारे गाव नव्हे, तर शेतकऱ्यांचा गट एकत्र येऊन पीक घेतो. खणण्याकडून वापराकडे आलेली ही वाट योग्य दिशेची आहे.

मग आपण काय करावे? राज्याच्या पीक स्पर्धेत सोयाबीन वा तुरीसाठी निदान ४० आर, म्हणजे एक एकर, सलग क्षेत्र लागते. ज्याच्यापाशी तेवढे रान नाही, त्याच्यासाठी गावपातळीवर एक गुंठ्याची परसबाग स्पर्धा घ्यावी, अशी माझी सूचना आहे. जागा अपुरी असेल, तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात वाफे आखून द्यावेत. गुणांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल :

१) वर्षातील किती महिने घरची भाजी मिळाली — ३० गुण.
२) पाण्याची काटकसर व आच्छादन — २५ गुण.
३) कंपोस्ट व मातीची निगा — १५ गुण.
४) घरी राखलेले बियाणे — १५ गुण.
५) पेरणी, पाणी व काढणी यांची वही — १५ गुण.

मोरीचे पाणी केळी किंवा शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर ते टाकू नये. गवार, भेंडी, दोडका, मेथी, चुका, अंबाडी अशा आपल्या हवामानास मानवणाऱ्या भाज्या निवडाव्यात. परीक्षण वर्षातून तीनदा करावे, आणि त्यातले एक भर उन्हाळ्यात ठेवावे. पावसाळ्यात हिरवी दिसणारी बाग सर्वांचीच असते. मे महिन्यात जिच्यात चार पाने हिरवी राहतात, ती खरी. परीक्षकांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि गुणपत्रक आधीच चावडीवर लावावे. आपल्याला कशाचे गुण मिळणार हे ज्याला अगोदर कळते, तो हरला तरी शिकतो.

कार्यकर्ते बंधू-भगिनींना शेवटी एवढीच विनंती आहे. असा एखादा कार्यक्रम गावाला दाखविला, की लगेच उठून जाऊ नका. घटकाभर बसा आणि तीन प्रश्न विचारा : यात काय दिसले नाही? हे आपल्या रानात कोठे अडेल? आणि याचा लाभ कोणाच्या घरी जाईल? उत्तरे वहीत टिपून घ्या. त्या उत्तरांतूनच पुढल्या हंगामाचे काम ठरवावे. पडद्यावरील स्पर्धेत पहिले येणारे गाव एकच असते. परंतु पाऊस सर्वांच्याच रानावर पडतो, आणि तो अडविणे प्रत्येक गावाच्या हाती आहे.