ताक कळकतं, मग मातीतल्या नॅनो तांब्याचं काय होतं?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवली जातात. भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवू नये, ते कळकतं, हे अनेक घरांत माहीत असतं. ताकातल्या आम्लामुळे तांबं विरघळतं आणि ताकात उतरतं. मातीत पडलेल्या तांब्याच्या नॅनोकणांचं काय होतं, हे समजायला हाच अनुभव उपयोगी पडतो.

हा विषय आत्ता का?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये इफकोच्या द्रवरूप नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर खतांना मान्यता दिली. अशी खतं पानांवर फवारतात, पण थोडा भाग ओघळून जमिनीवर पडतोच. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरचा असतो. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

एवढे बारीक कण थेट विहिरीत उतरतात का?

बहुतेक वेळा नाही. ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात किंवा चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थांना धरून बसतात. त्यामुळे काळ्या जमिनीत बरेचसे कण वरच्या थरातच अडकतात. वाळूमिश्रित जमिनीत ते जास्त खोल जातात. मात्र काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्यांतून झपाट्याने खाली जातं आणि धातू चिकटलेली बारीक माती सोबत नेऊ शकतं.

कण विरघळला की प्रश्न मिटला?

नाही. कण संपतो, तांबं संपत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तो लवकर विरघळतो, घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीत सावकाश. विरघळलेलं थोडं तांबं पीक घेतं, उरलेलं बहुतेक मातीलाच चिकटतं. तांबं हे मूलद्रव्य असल्याने जिवाणू ते कुजवू शकत नाहीत.

मग धोका किती?

पिकाला तांबं लागतं, पण अगदी थोडं. जास्त झालं तर गांडुळांना आणि उपयुक्त जिवाणूंना त्रास होतो. एका फवारणीने असं होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षांच्या साठ्याचा आहे. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं जात असेल, तर ते तांबंही त्याच हिशेबात धरावं लागतं.

हा हिशेब तपासता येतो. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांमध्ये तांबं असतं. नॅनो कॉपर विकत घेण्याआधी तो आकडा पाहावा. जमिनीत तांबं पुरेसं असेल, तर बाटलीवरचा खर्च वाचतो आणि मातीवरचा भारही.